जळत राहिलेली सिगार

१

सिगार आणि दारूची जोडी जमवणं हा माझा धंदा आहे. लग्नं जमवणाऱ्यांना लोक मान देतात आणि मला पगार देतात, एवढाच फरक. परळच्या एका टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर आमचा लाउंज आहे. संध्याकाळी मेंबर येतात, चामड्याच्या खुर्च्यांत रुतून बसतात आणि मी त्यांना सांगतो, या रमबरोबर ही घ्या, त्या व्हिस्कीबरोबर ती नको. नियम तसा साधा आहे. दोघांनी एकमेकांना दाबायचं नाही. काळपट पानात वळलेली जड सिगार असेल तर जुनी, गुळचट रम. फिक्या पानाची हलकी असेल तर शॅम्पेनसुद्धा चालते. पण धुरकट व्हिस्कीपुढे हलकी सिगार दिलीत तर ती बिचारी तोंडातच मरते. तांदळाच्या भाकरीशी सुकट का जमते आणि श्रीखंड का जमत नाही हे ज्याला कळतं, त्याला हेही कळतं. मी लालबागच्या चाळीत वाढलो, मला लवकर कळलं.

रोज दुपारी, लाउंज उघडायच्या आधी, मी तिथे एकटा असतो. सिगारचं लाकडी कपाट उघडायचं, आतली ओल बघायची, एक सिगार निवडून टोक कापायचं, पेटवायची, दोन-तीन बाटल्यांतलं थोडं थोडं ओतायचं आणि आज कोणाला काय सुचवायचं ते ठरवायचं. लोकांना वाटतं हे जिभेचं काम आहे. जिभेचं काम फार थोडं असतं, बाकी सगळं नाक करतं.

माझं नाक जानेवारीतल्या तापात गेलं.

सर्दीने चोंदतं तसं नाही. कपाट उघडलं की लाकडाचा, तंबाखूचा, ओल्या मातीचा जो वास अंगावर यायचा, त्या जागी काहीच उरलं नाही. माझी बायको मेघना रोज सकाळी माझे डोळे बांधून लवंग, कॉफी, कापूर, बाम असं एकेक नाकाशी धरायची आणि मी अंदाजाने ठोकून द्यायचो. तिला कळायचं. ती डब्या आवरून ठेवायची. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार. एवढं तर मलाही सांगता आलं असतं.

लाउंजमध्ये मी कोणाला कळू दिलं नाही. जुन्या आठवणीवर दिवस ढकलत होतो. तेवढ्यात आमच्या मालकीण ललिता मॅडमनी जाहीर केलं की त्या परदेशातून काही बाटल्या आणतायत, लेबलं झाकलेली असतील, आणि निवडक मेंबरांसमोर मी त्या नुसत्या वासावरून ओळखून जोड्या लावायच्या. मी हसून हो म्हणालो. मग बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि नाकाला हात लावून रडलो. मला दुसरं काहीही येत नाही.

२

उपाय आप्पांनी सुचवला. आप्पा म्हणजे माझे वडील, कुशाबा. गिरणी बंद पडल्यापासून बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर त्यांचा मुक्काम असतो. आम्ही कोकणातले. गावच्या वेशीवर डोळ्यांना न दिसणारा राखणदार असतो, त्याला वर्षातून एकदा दारू आणि विडीची राखण ठेवायची ही आमच्याकडची पद्धत. आप्पांनी मुंबईत येऊनही ती मोडली नाही. चाळीच्या मागच्या भिंतीशी द्रोणात थोडी दारू आणि शेजारी पेटवलेली विडी. मी कधी त्यांच्याबरोबर गेलो नव्हतो. मला त्याची थोडी लाजच वाटायची.

"राखण दी," आप्पा म्हणाले. "मनापासून दी."

मी त्यांना हसलो, आणि दुसऱ्या दुपारी तेच केलं. बुडत्याने काय काय धरावं याला काही सुमार नसतो. पण करायचंच तर नीट करायचं म्हणून मी जोडी माझ्या पद्धतीने लावली. कपाटातली चांगली काळ्या पानाची सिगार आणि आमच्याकडची सगळ्यात जुनी रम. जमिनीवर गालिचा होता, ठिणगी पडली असती तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. म्हणून सगळं खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर मांडलं. ग्लासाखाली रुमाल घडी करून ठेवला. सिगार पेटवून ॲश-ट्रेच्या खाचेत ठेवली. आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीने खुर्ची मागे ओढली, किंचित वाकलो आणि म्हणालो, "बसा."

समोर कोणी नव्हतं. मला माझंच हसू आलं आणि मी आत ग्लास पुसायला गेलो.

बरेच ग्लास पुसून बाहेर आलो तेव्हा सिगार जळत होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिगारेट नुसती ठेवली तरी शेवटपर्यंत जळते. सिगारचं तसं नाही. कोणी ओढली नाही तर ती थोड्या वेळात आपोआप विझते. ही अर्ध्यावर आली होती. राख लांब आणि अखंड होती आणि जळती कड सगळीकडून सारखी होती. इतकी सुरेख सिगार आमच्या मेंबरांपैकी एखादाच ओढतो, घाई न करता आणि मधे बोलत न बसता. मी वरच्या एसीकडे बघितलं आणि म्हटलं, झोत लागला असेल.

तेवढ्यात मला वास आला. आधी लाकूड, मग कोको, मग रमचा गूळ आणि त्याच्या मागे कुठेतरी संत्र्याची साल. मी गालिच्यावर गुडघे टेकून बसलो. त्या संध्याकाळी घरी जाऊन मेघनाच्या केसांत नाक खुपसलं, तेव्हा तिला काही सांगावं लागलं नाही. आम्ही दोघंही रडलो आणि आप्पा खाटेवरून म्हणाले, बघ.

३

शहाण्या माणसाने इथेच थांबायला हवं होतं. मी एक दिवस थांबलोही. कोपऱ्यातलं टेबल रिकामं ठेवलं. दिवेलागणीपर्यंत नाक पुन्हा गेलं. मग मी रोज मांडायला लागलो.

एसीची शंका फेडून घ्यावी म्हणून एकदा शेजारच्या टेबलावर, त्याच झोताखाली, दुसरी सिगार पेटवून ठेवली. ती विझली. कोपऱ्यातली संपत आली होती. तिचं मागचं टोक ओलं होतं आणि त्यावर दातांची खूण होती. रमही खाली गेली होती. दारू उडून जाते हे मला माहीत आहे. एका दुपारी एवढी उडत नाही हेही माहीत आहे. ते टोक मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं आणि हात धुतले, पुन्हा धुतले.

भीती वाटत होती, पण खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटत होता. असा पाहुणा मला कधी मिळाला नव्हता. आज काय द्यावं याचा मी सकाळी घरून निघताना विचार करायचो. एकदा मुद्दाम चुकीची जोडी दिली, धुरकट व्हिस्की आणि हलकी सिगार. परत आलो तेव्हा ग्लासाला कोणी हात लावला नव्हता आणि सिगार ॲश-ट्रेत मधोमध दाबून चिरडलेली होती. शाळेत मास्तरांनी वहीवर काट मारावी तसा माझा चेहरा पडला. पुन्हा तशी चूक केली नाही.

ललिता मॅडमचा कार्यक्रम झाला. झाकलेल्या सगळ्या बाटल्या मी ओळखल्या. एकीच्या बाबतीत तर ती कोणत्या लाकडाच्या पिंपात मुरली हेही सांगितलं आणि मेंबरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, उन्मेष, तुझं नाक म्हणजे देणगी आहे. मी कोपऱ्याकडे बघायचं टाळलं. ती खुर्ची रिकामी असूनही त्या संध्याकाळी कोणी तिथे बसलं नाही. एक जण बसायला गेला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि कोणाची तरी माफी मागून दुसरीकडे गेला.

४

मग नाक वाढायला लागलं. दुसरा शब्द मला सुचत नाही.

लिफ्टमध्ये शिरलो की कोण रात्रभर जागलंय आणि कोण घाबरलंय ते कळायचं. वॉचमनच्या पोटात काहीतरी नासतंय हे मला त्याच्या बाजूने जाताना कळलं आणि मी श्वास रोखून पुढे गेलो. माणसाला इतकं कळायची गरज नसते. मी मनाला समजावलं की बंद पडलेली गोष्ट सुरू झाली की आधी जरा जास्तच चालते.

एका शनिवारी घरी आलो. मेघना ओट्याशी बोंबील साफ करत होती. बोंबलांचा वास आला, आल्याचा आला, ओल्या फरशीचा आला. ती पाणी घ्यायला माझ्या बाजूने गेली आणि मला तिचा वास आला, साबणाचा, घामाचा, केसांतल्या तेलाचा. माझी मान आपोआप वर झाली. डोळे मिटले. मी सावकाश, लांब श्वास आत घेतला आणि डोक्यात आलं, हिच्याबरोबर काय जमेल?

उत्तरही आलं. जुनी रम, काळं पान, घाई नाही.

मी गॅलरीत जाऊन कठडा धरून उभा राहिलो. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. धंद्याची सवय असेल, असं मी स्वतःला सांगितलं. शिंपी माणसाकडे बघताना त्याचं मापच बघतो. पण शिंप्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही. माझ्या सुटलं होतं.

ते नाक माझं नव्हतं. माझं कधी परत आलंच नव्हतं.

५

मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "खंय ठेवलंस?"

मी म्हटलं, टेबलावर. गालिचा होता.

"आणि काय बोललंस?"

"बसा म्हटलं."

आप्पांच्या हातातली विडी विझली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. "तो उभो रवणारो, झिला. भायर, जमनीवर ठेवूचा आणि मागे न बघता येवचा. तेका बसाक कोणी सांगनत नाय."

बसलेल्याला उठवायचं कसं, असं मी विचारलं. ते त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. तशी वेळच कधी कोणावर आली नव्हती. खुर्ची ओढून पाहुण्याला बसवण्याचा पगार घेणारा आमच्या घराण्यात मीच पहिला.

दुसऱ्या दुपारी मी काही मांडलं नाही. उलट ती खुर्ची उचलून मागच्या स्टोअरमध्ये नेली, बाहेरून कुलूप लावलं आणि आत पँट्रीत जाऊन उभा राहिलो. लाउंजमध्ये एसीची घरघर होती. त्यात एक छोटा, स्वच्छ आवाज झाला. टोक कापायच्या कटरचा. हा आवाज मी रोज ऐकतो, त्यात चूक होणार नाही. मग जरा वेळाने लाकडाचा आणि कोकोचा वास आला.

बाहेर कोणी नव्हतं. कोपऱ्यात खुर्ची नव्हती. ॲश-ट्रे बारवर होता, माझ्या जागेसमोर, आणि त्यात सिगार जळत होती. मी माझ्या स्टुलावर हात ठेवला. सीट गरम होती.

मी हात जोडले. म्हटलं, मला नको हे नाक. घेऊन जा. नोकरी जाऊ दे, मी शिवडीला गोदामात ओझी वाहीन, पण उठा. हे मी रिकाम्या बारसमोर मोठ्याने बोललो, माझा आवाज फाटला होता.  त्याच क्षणी नाकाला स्वतःचा वास आला, म्हणजे माझा, आणि त्याबरोबर काय जमेल तेही कळलं. मी बरोबर मापाची रम ओतली आणि पुढे सरकवली.

६

आप्पा दुसऱ्या दिवशी स्वतः आले. इस्त्रीचा सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. खाली वॉचमनने अडवलं, मी जाऊन वर आणलं. एरवी त्या गालिच्यावर चपला घालून यायला त्यांना संकोच वाटला असता. आज त्यांनी कशाकडेच बघितलं नाही. बारपाशी आले, माझ्या स्टुलापुढे हात जोडून उभे राहिले आणि गावातल्या थोरल्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

"झिलाची चूक झाली. ल्हान आसा. तुमचो मान मी भायर ठेवतंय. चला."

मग मला म्हणाले, मागून यायचं नाही, हाक मारायची नाही. पाठ फिरवून ते लिफ्टकडे गेले. लिफ्टचं दार उघडलं, आप्पा आत शिरून एका कडेला सरकून उभे राहिले, दार बंद झालं.

मी खिडकीशी गेलो. आमच्या खिडक्या उघडत नाहीत. आप्पा फाटकाबाहेर आले, भिंतीच्या कडेला वाकले, द्रोण ठेवला, विडी पेटवून ठेवली, उठले आणि मागे न बघता फुटपाथवरून लालबागच्या दिशेने चालू लागले. त्याच वेळी माझं नाक गेलं. दिवा मालवावा तसं. मला इतकं हलकं वाटलं की मी काचेला कपाळ टेकलं.

समोरून एक माणूस खांद्यावर पाण्याचा मोठा जार घेऊन येत होता. त्याने आप्पांना वाट द्यायला अंग चोरलं. आप्पा पुढे गेले. तो पाऊल उचलणार तेवढ्यात पुन्हा थांबला, पुन्हा अंग चोरलं, आप्पांच्या मागे कोणी नव्हतं तिथे मान लववली आणि मगच पुढे आला.

मी काचेवर मुठी आपटल्या. मग जिन्याने खाली धावलो, तोवर आप्पा दिसेनासे झाले होते. भिंतीशी द्रोण काठोकाठ भरलेला होता. विडी एक झुरकाही न जळता विझली होती. मी त्याला काय काय पाजलं होतं. तो आता द्रोणातली कशाला घेईल?

७

घरी पोचलो तेव्हा आप्पा खाटेवर होते. मी लाउंज तसाच उघडा टाकून आलो होतो. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. सुटला तो, म्हणाले. मी दम खात म्हटलं, द्रोण तर भरलेलाच होता. ते म्हणाले, तो नेहमी भरलेलाच दिसतो, देवाचं खाणंपिणं माणसासारखं नसतं. बरोबर वाटावं असंच उत्तर होतं. मी जवळजवळ विश्वास ठेवला.

मग त्यांनी विडी पेटवली. एक झुरका घेतला, तोंड वाकडं केलं आणि विझवून टाकली. गिरणीत लागल्यापासून त्यांनी या छापाशिवाय दुसरी विडी ओढलेली नाही.

मेघना ताटं घेऊन त्यांच्या समोरून गेली. आप्पांनी मान वर केली. डोळे मिटले. सावकाश, लांब श्वास आत घेतला.

मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता वरळीला माहेरी जा.  भात गॅसवर होता, आप्पांच्या गोळीची वेळ झाली होती आणि मला वेड लागलंय का, असं तिने विचारलं. मी काय सांगणार होतो? आप्पांना घरात एकटं टाकू की तिला त्यांच्याजवळ ठेवू, हे मलाच कळत नव्हतं. शेवटी तिचा दंड धरून एवढंच विचारलं, घरात सिगारचा वास येतोय का?

"रोजच येतो," ती म्हणाली. "तुझ्या कपड्यांना."

जेवायला बसलो. मी माझं ताट ओढून दोघांच्या मधे घेतलं. आप्पांनी सरकून जागा दिली. आमटी वाफाळत होती. मी वाकलो आणि छाती दुखेपर्यंत श्वास आत ओढला, पुन्हा ओढला. आमटीचा वास आला नाही, भाताचा नाही, मेघनाचा नाही. डाव्या बाजूला कोणीतरी सावकाश जेवत होतं. त्याच्या अंगावर सदरा आप्पांचा होता, हात आप्पांचे होते. ते आप्पाच आहेत की नाहीत, हे मला फक्त वासावरून कळलं असतं.